थायलंडमध्ये इंग्रजी शिकवण्याची पहिली नोकरी: भारतीय पासपोर्ट, अनुभव शून्य

परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या जाहिराती चाळायला लागलात की ‘एनईएस’ ही अक्षरं जागोजागी भेटतात. अर्थ आहे मूळ इंग्रजीभाषक. प्रत्यक्षात बघितला जातो तो पासपोर्ट: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका. तुमचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं असलं, घरात इंग्रजी बोलत असलात, तरी भारतीय पासपोर्टवर तुम्ही ‘एनएनईएस’ म्हणजे बिगर-मूळभाषक गटातच मोडता. नव्या लोकांसाठीचे बहुतेक सल्ले पहिल्या गटाने लिहिलेले असतात. ‘तिकीट काढा, तिथे जाऊन बघा’ हा त्यातलाच एक. तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला आधी कागद, मग नोकरी, मग व्हिसा आणि सगळ्यात शेवटी तिकीट, असंच जावं लागतं.

१. आधी देशांची चाळणी लावा

दक्षिण कोरियाचा ई-२ हा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुळात वरच्या सात देशांसाठी आहे. भारत-कोरिया आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यातून भारतीयांसाठी एक अरुंद वाट निघाली. पण ती अध्यापनाची रीतसर पात्रता असलेल्या इंग्रजी शिक्षकांसाठी आहे, नवशिक्यांसाठी नाही.

जपानमध्ये शाळेत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला असाल तर इथेच अडतं, पुढची पदवी कितीही चांगली असो.

चीनमध्ये परदेशी भाषा शिकवणारा त्या भाषेचा मूळ भाषक असावा, असा वर्क परमिटचा सर्वसाधारण नियम आहे. कुणी ‘बिझनेस व्हिसावर या, शिकवायला लागा, मग बघू’ म्हणालं तर तिथेच थांबा. तसं शिकवताना सापडलं तर अटक होते आणि परत पाठवतात.

थायलंडमध्ये मात्र कोणत्याही विषयाची पदवी असलेल्या भारतीयाला, अनुभव नसतानाही, कायदेशीर नोकरी मिळू शकते. शर्यतीत फिलिपिन्सचे शिक्षक मोठ्या संख्येने असतात, म्हणून पगार कमी असतो आणि कागद चोख असावे लागतात. पुढचं सगळं थायलंडबद्दल आहे.

२. पात्रता: काय हवंच, काय असलं तर बरं

पदवी हवीच. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.ई. काहीही चालतं. डिप्लोमा किंवा शेवटच्या वर्षाची मार्कशीट चालत नाही.

इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हवेत. बिगर-मूळभाषकांकडे शाळा बहुधा टोइकमध्ये ६०० किंवा त्याच्या तोडीचा आयईएल्टीएस स्कोअर मागतात. दोन्हींचा निकाल दोन वर्षंच धरला जातो, त्यामुळे फार आधी परीक्षा देऊन ठेवू नका. फक्त थायलंडच डोळ्यासमोर असेल तर टोइक पुरते आणि स्वस्तही पडते.

टेफल, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र, १२० तासांचं घ्या. त्याहून कमी तासांचं घेण्यात पैसे घालवू नका. ऑनलाइन टेफल सीव्ही पुढे सरकवायला उपयोगी पडतं, पण त्यात खरी मुलं समोर नसतात. केंब्रिजच्या सेल्टा या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तासांचं मूल्यमापन केलेलं अध्यापन असतं. तो महाग आहे आणि पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे जातात. एक-दोन वर्षांत परत येणार असाल तर सेल्टाची गरज नाही. हाच पेशा धरायचा असेल तर त्यावरचा खर्च वाया जात नाही.

बी.एड. असेल तर ते सीव्हीत सगळ्यात वर लिहा. विज्ञान किंवा गणिताचे पदवीधर असाल तर फक्त इंग्रजीच्या जागा बघू नका. थाई शाळांतल्या ‘इंग्लिश प्रोग्राम’ आणि ‘मिनी इंग्लिश प्रोग्राम’ या तुकड्यांत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, आणि तिथे पासपोर्टपेक्षा विषय बघितला जातो. बी.एस्सी.वाल्यांनी खरं तर तिथूनच सुरुवात करावी.

३. कागदपत्रं: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

शाळा मेमध्ये सुरू होते. तेव्हा रुजू व्हायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच कागदांच्या मागे लागा. गोळा करायचं ते असं:

- पासपोर्ट, किमान दोन वर्षं वैध. थायलंडमध्ये राहण्याची मुदतवाढ पासपोर्टच्या तारखेपलीकडे मिळत नाही.
- मूळ पदवी प्रमाणपत्र. प्रोव्हिजनल नव्हे, दीक्षान्त समारंभानंतर मिळतं ते.
- सर्व सत्रांचं ट्रान्सस्क्रिप्ट, विद्यापीठाच्या सही-शिक्क्यासह.
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, शुल्क ५०० रुपये.
- टेफल प्रमाणपत्र आणि इंग्रजी परीक्षेचा निकाल.
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, ४×६ आणि ३×४ सेंटिमीटर, प्रत्येकी डझनभर. फोटोत कॉलरचा शर्ट.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांचं घोडं सगळ्यात जास्त नावावर अडतं. आपल्या विद्यापीठांच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि बऱ्याच ठिकाणी आईचं नावही छापलेलं असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. थाई कारकुनाला ही दोन वेगळी माणसं दिसतात. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला, एकीकडे ‘व्ही’ आणि दुसरीकडे ‘डब्ल्यू’, तरी फाइल परत येते. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक फक्त क्रमाचा असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. स्पेलिंगच चुकलं असेल तर विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घ्या. त्याला महिने लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

दुसरी अडचण पासपोर्टवरच्या शेऱ्याची. लहानपणी काढलेल्या पासपोर्टवर कधी कधी ‘ईसीआर’ शेरा असतो, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. भारत सरकारच्या ज्या देशांच्या यादीसाठी तो शेरा आडवा येतो, त्या यादीत थायलंड आहे. दहावी उत्तीर्ण असलेल्याला हा शेरा काढून मिळतो. पासपोर्ट पुन्हा काढून घ्या, विमानतळावर वाद घालायची वेळ आणू नका.

मग प्रमाणीकरण. पदवीवर आधी राज्य पातळीवरचा शिक्का लागतो आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा. भारत २००५ पासून अ‍ॅपोस्टिल करारात (सदस्य देशांत एकच शिक्का मान्य होतो असा करार) आहे, म्हणून एजंट थेट अ‍ॅपोस्टिल करून देतो म्हणतात. पण अ‍ॅपोस्टिल चालतं ते समोरचा देशही त्याच करारात असेल तेव्हाच, नाहीतर वकिलातीचं प्रमाणीकरण लागतं. म्हणून पैसे भरण्याआधी शाळेला ईमेल करा: ‘पदवीवर नेमके कोणते शिक्के हवेत?’ लेखी उत्तर आलं की त्याप्रमाणेच करा. चुकीच्या शिक्क्याचे पैसे परत मिळत नाहीत, आणि मूळ प्रमाणपत्राच्या पाठीवर चिकटवलेला चुकीचा कागद काढताही येत नाही.

सगळे कागद रंगीत स्कॅन करून पीडीएफ ठेवा. मोबाइलने तिरका काढलेला फोटो चालत नाही.

४. कान आणि जीभ तयार करा

मुलाखत व्हिडिओवर होते आणि पहिल्या मिनिटात तुमचे उच्चार ऐकले जातात. इंग्रजांसारखं बोलायची गरज नाही. ओढूनताणून आणलेला अमेरिकन हेल उलट नडतो. पण मराठी जिभेच्या तीन सवयींवर महिनाभर काम करा.

पहिली, ‘व’. मराठीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना एकच व आहे. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. ‘वेट’ आणि ‘व्हेट’ आरशासमोर म्हणून बघा.

दुसरी, ट आणि ड. आपण ते टाळूकडे जीभ वळवून काढतो. इंग्रजीत जीभ दातांच्या मागच्या हिरडीला लागते.

तिसरी, शब्दाच्या सुरुवातीचा श्वास. इंग्रजीत ‘पेन’मधल्या प सोबत हवेचा झोत असतो, आपण तो कोरडा काढतो. थाई भाषेत मराठीसारखेच श्वासाचा आणि बिनश्वासाचा हे वेगळे वर्ण आहेत, त्यामुळे हा फरक थाई मुलांच्या कानाला लगेच कळतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. ‘पेन’ म्हणताना ती हलली पाहिजे.

समोरच्या मुलांच्या अडचणीही आधी ओळखून ठेवा. मुलाखतीत त्यावर दोन वाक्यं बोललात तर अनुभव नसल्याची भरपाई होते. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी मोजकेच ध्वनी येतात. त्यामुळे ‘बस’चा शेवट ‘बट्’सारखा होतो आणि ‘बॉल’मधल्या ल चा न होतो. थाईमध्ये ग नाही. ‘झू’मधला झ नाही. र आणि ल यांची अदलाबदल होते.

५. वीस मिनिटांचा डेमो

अनुभव नसलेल्याची निवड सीव्हीवर होत नाही, डेमोवर होते. शाळा इयत्ता सांगते, विषय बहुतेक वेळा तुम्हीच निवडायचा असतो. ‘प्रथोम’ म्हणजे प्राथमिक, ‘मत्थयोम’ म्हणजे माध्यमिक, ‘अनुबान’ म्हणजे बालवाडी. हे शब्द जाहिरातीतही येतात.

प्राथमिक दुसरीसाठी एक चालणारा आराखडा: पाच खाद्यपदार्थ आणि ‘आय लाइक…’ हे एकच वाक्य. पहिली दोन मिनिटं हात वर करून अभिवादन आणि नावं. पुढची पाच मिनिटं मोठी चित्रं दाखवून प्रत्येक शब्द तीनदा: सगळे मिळून, मग अर्धा वर्ग, मग एकेकटे. त्यानंतर चार मिनिटं तपासणी. केळ्याचं चित्र दाखवून ‘हा आंबा का?’ असं विचारायचं आणि मुलांकडून ‘नो’ येऊ द्यायचं. सहा मिनिटं जोड्यांमध्ये वाक्य, उरलेली तीन खेळासाठी.

नवशिका डेमोत घसरतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: फार बोलतो. ‘नाऊ आय वुड लाइक यू ऑल टू…’ हे वाक्य सात वर्षांच्या मुलापर्यंत पोचतच नाही. सूचना तीन-चार शब्दांची हवी, सोबत हाताचा इशारा हवा, आणि सांगण्याऐवजी एका मुलाला पुढे घेऊन करून दाखवायला हवं. ‘समजलं का?’ हा प्रश्न वर्ज्य. चाळीस मुलं एका सुरात ‘येस’ म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. व्याकरणाचे नियम तर डेमोत आणूच नका. आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे फळा भरून समजावणारा, पण तिथे मुलं किती बोलली ते मोजतात.

ऑनलाइन डेमोसाठी चित्रं छापून हातात धरा. स्क्रीन शेअर अडकली तरी धडा चालू राहतो.

६. नोकरी कधी आणि कुठे शोधायची

थाई शैक्षणिक वर्ष साधारण मेच्या मध्याला सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला. भरती मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात जोरात असते. एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना सोंग्क्रान हा थाई नववर्षाचा सण असतो. त्या आठवड्यात कार्यालयं बंद असतात, त्यामुळे कागद एप्रिलच्या आधी निघतील असं बघा.

जाहिरातींसाठी अजार्न डॉट कॉम ही थायलंडमधल्या शिक्षकांची जुनी साइट आहे. जाहिरातीत ‘एनईएस ओन्ली’ असेल तर अर्ज करू नका, वेळ जातो. ‘एनएनईएस वेलकम’, ‘ऑल नॅशनॅलिटीज’ किंवा गणित-विज्ञानाच्या जागा निवडा. बँकॉकच्या पलीकडे बघा. ईशान्येकडच्या इसान भागातल्या खोन केन, उदोन थानी, नखोन राचसिमा यांसारख्या प्रांतांत उमेदवार कमी येतात, घरभाडंही कमी असतं.

सीव्ही दोन पानांचा, फोटोसह (थायलंडमध्ये फोटो अपेक्षितच असतो), आणि सोबत एक-दीड मिनिटाचा स्वतःची ओळख करून देणारा व्हिडिओ. शिकवणी घेतली असेल, महाविद्यालयात एनएसएसमध्ये मुलांना शिकवलं असेल, धाकट्यांचे संस्कारवर्ग घेतले असतील, तर किती मुलं, कोणत्या वयाची, किती महिने हे लिहा. खोटा अनुभव लिहू नका. शाळा फोन करून विचारते, आणि पकडलं गेलं की ती दारं बंद होतात.

फसवणुकीबद्दल नीट वाचा. ‘थायलंडमध्ये नोकरी’ या नावाखाली भारतीय तरुणांना बँकॉकला उतरवून, मे सोत या थायलंडच्या सीमेवरच्या गावावरून पलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन, सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याची प्रकरणं २०२२ पासून समोर आली आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हाच इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून परत आणावं लागलं. ती आमिषं बहुतेक डेटा एंट्री आणि डिजिटल मार्केटिंगची होती, पण शिक्षकांनीही ही लक्षणं ओळखायला हवीत:

- डेमो न घेता नोकरी, आणि नवशिक्याला भरमसाट पगार.
- शाळेचं नाव ‘पोचल्यावर सांगू’.
- ‘टुरिस्ट म्हणून या, व्हिसा आम्ही करू.’
- मूळ पासपोर्ट एजंटकडे जमा करण्याची मागणी.
- विमानतळावरून थेट पश्चिम सीमेकडे, म्हणजे ताक प्रांताकडे गाडी.

शाळेचं नाव मिळालं की नकाशावर शोधा, शाळेच्या स्वतःच्या नंबरवर फोन लावा आणि तिथल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलायची विनंती करा. खरी शाळा नाही म्हणत नाही. भारतातल्या एजंटमार्फत जात असाल तर त्याचा परवाना ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावतीशिवाय रोख देऊ नका.

७. करार वाचताना

नवशिक्या भारतीयाला अनेक जाहिरातींत महिना २० ते ३० हजार बाथ दिसतात. बाथचा त्या दिवसाचा दर बघून रुपयांत हिशेब करा, पण पगाराच्या आकड्याआधी महिने मोजा. एजन्सीचे करार अनेकदा दहा महिन्यांचे असतात आणि मार्च-एप्रिलच्या सुट्टीत पगार शून्य. २८,००० चा दहा महिन्यांचा करार २४,००० च्या बारा महिन्यांच्या कराराहून वर्षाला ८,००० बाथ कमी देतो.

आठवड्याला प्रत्यक्ष तासिका किती, ते विचारा. १८ ते २२ ठीक, २५ च्या पुढे नवशिक्याची दमछाक होते. वर्क परमिट आणि मुदतवाढीचं शुल्क कोण भरणार? वर्षभराच्या वर्क परमिटचे ३,००० बाथ आणि मुदतवाढीचे १,९०० बाथ होतात. करार मध्येच सोडल्यास दंड आहे का? थाई आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती असतील तर वादात थाई प्रत ग्राह्य धरतात, म्हणून ती कुणाकडून तरी वाचून घ्या.

८. व्हिसा, मग तिकीट

तुम्हाला हवा आहे नॉन-इमिग्रंट बी, बोलीभाषेत ‘नॉन-बी’. त्यासाठी शाळेने नेमणुकीचं पत्र, शाळेची नोंदणी आणि शिक्षण खात्याच्या संबंधित कार्यालयाचं पत्र पाठवायचं असतं. खासगी शाळांच्या बाबतीत ते खासगी शिक्षण आयोगाच्या कार्यालयाकडून येतं. हे पत्र यायला वेळ लागतो. शाळा त्याबद्दल टाळाटाळ करत असेल तर तो तुमच्यासाठी इशारा आहे.

१ जानेवारी २०२५ पासून भारतातही अर्ज थाई ई-व्हिसाच्या सरकारी साइटवर होतो. अर्ज करताना तुम्ही भारतातच असावं लागतं. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातात. व्हिसा ९० दिवसांचा आणि एकदाच प्रवेशाचा असतो. तो हातात आल्यावर तिकीट काढा. १ मे २०२५ पासून विमान उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्डही ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी.

सोबत किती पैसे? घरमालक बहुधा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं भाडं आधी घेतो. प्रांतात ५,००० बाथची खोली घेतली तर १५,००० पहिल्याच दिवशी जातात. पहिला पगार महिनाअखेरीला, कधी त्याच्याही पुढे. ५० ते ६० हजार बाथ हाताशी असल्याशिवाय निघू नका, परतीचं भाडं वेगळं.

९. पोचल्यावर पहिले ९० दिवस

आता क्रम असा. शाळा शिक्षक परिषदेकडून, म्हणजे ‘खुरुसफा’कडून, तुमच्यासाठी अध्यापनाची दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मागते. तुम्ही स्थानिक दवाखान्यातून वैद्यकीय दाखला आणता. मग वर्क परमिट. मग इमिग्रेशन कार्यालयात ९० दिवसांची मुदत वर्षभर वाढवून घेणं. ९० पैकी ६० दिवस उलटले आणि वर्क परमिटचा अर्जही गेला नसेल तर शाळेच्या कार्यालयात रोज विचारा. परवान्याविना काम करताना सापडल्यास ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि हद्दपारी होऊ शकते, आणि ती शाळेची चूक होती हे सांगून सुटका होत नाही.

घरमालकाने २४ तासांत तुमची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते. त्या नोंदीची, म्हणजे टीएम-३० ची, पावती मागून घ्या, मुदतवाढीच्या वेळी ती नसली तर तुम्हालाच परत पाठवतात. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. आणि सुट्टीत घरी यायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्या: एकदासाठी १,००० बाथ, अनेकदासाठी ३,८००. ते न घेता दिवाळीला मुंबईला आलात तर वर्षभराची मुदतवाढ विमान सुटताच रद्द होते आणि सगळी साखळी नॉन-बीपासून पुन्हा. हे परमिट बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही मिळतं, पण रांगेसाठी तासभर हातात ठेवा.

झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर निळ्या शाईने सही करा. काळ्या शाईची सही प्रतीतलीच समजून परत देतात. दोन निळी पेनं बॅगेत टाका.